भोरड्यांचं माहेर

श्रावण सरता सरता मिरजगावच्या शिवारात भोरड्या उतरतात. आधी पाच-पंचवीस, मग शेकड्यांनी, आणि रब्बीची ज्वारी निसवायच्या सुमाराला हजारांनी. नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेच्या झाडांवर दिवेलागणीला त्यांचा असा गलका चालतो, की चहाच्या टपरीवर समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. झाडात शिरण्याआधी सगळा थवा आभाळात एकदा उजवीकडे कलतो, एकदा डावीकडे, मध्येच दाट होतो, मध्येच विरळ. या वळण्याला कुणी म्होरक्या नसतो, तरी एक पाखरू दुसऱ्याला धडकत नाही.

आमचा कर्जत तालुका अवर्षणाचा. पुस्तकात पळसमैना किंवा गुलाबी मैना म्हणून छापलेलं हे पाखरू आमच्याकडे पिकाच्या हिशेबातूनच ओळखीचं होतं. मालदांडी हुरड्यात आली की घरटी एक माणूस राखणीला बसायचं. आमच्या घरातून मी बसायचे. मचाणावर गोफण, शेजारी गुंड्यांचा ढीग, आणि दिवसभर हाकारे. भोरड्यांनी एकदा रान धरलं की कणसं मोकळी व्हायला वेळ लागत नाही. पण माघ-फाल्गुनात पळस फुलला, की याच भोरड्या फुलांतला मध प्यायला फांद्यांवर लोंबकळायच्या, चोची आणि कपाळं परागांनी पिवळी व्हायची, आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गोफण खांद्यावर टाकून बांधावर उभे राहून बघत बसायचे. हरभऱ्याच्या रानात त्या अळ्या वेचायच्या, माळावर नाकतोडे. "खातीबी तीच आन् राखतीबी तीच," अण्णा म्हणायचे.

चैत्रात कधीतरी झाडं अचानक मुकी होत. मी विचारायचे, "अण्णा, कुठं गेल्या?"

"उत्तरंला. लांब. पिल्लं काढायला."

अण्णांनी ती उत्तर कधी पाहिली नव्हती. मलाही ती दिसेल असं वाटलं नव्हतं. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, दुर्बीण आली, मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश हाताशी आला. भोरड्या मध्य आशियाच्या गवताळ माळांवर वीण करतात हे वाचलं, आणि नकाशात बोट फिरवताना एक गोष्ट ध्यानात आली. मिरजगाव 75 अंश पूर्व रेखांशाच्या लगत आहे. कझाकस्तानातलं अल्माटी 77 अंशांच्या लगत. म्हणजे आमच्या वेशीतून नाकासमोर उत्तरेला निघालं आणि जेमतेम उजवीकडे कललं, तर पावणेतीन हजार किलोमीटरांवर अल्माटी. अण्णांनी बोटानं दाखवलेली दिशा अगदी बरोबर होती.

2024च्या मे महिन्यात लोकसभेच्या निवडणुकीची ड्युटी आटोपली आणि पुण्याच्या काही पक्षीवेड्या मंडळींबरोबर मी निघाले. कझाकस्तानात चौदा दिवसांपर्यंत भारतीयांना व्हिसा लागत नाही. तरी पासपोर्ट नवा, विमान नवं, सगळंच नवं. दिल्लीहून उडाल्यावर चार-एक तासांत बर्फानं भरलेल्या तियान शान पर्वताची भिंत खिडकीशी आली. उतरल्यावर घड्याळ फक्त अर्धा तास मागे घ्यावं लागलं. एवढ्या दूरच्या मुलखात सूर्य मात्र जवळपास आमच्याच वेळेला डोक्यावर येत होता.

नव्या मुलखातली पहिली सकाळ पाखरं पाहणाऱ्याला गोंधळात टाकते. गावाकडे आपण पक्षी पाहण्याआधीच अर्धा ओळखलेला असतो. ओढ्याकाठच्या बाभळीत हालचाल झाली, महिना पौषाचा आहे, शेपटी खालीवर होते आहे, एवढ्यावर मन निकाल देऊन मोकळं होतं. जागा, ऋतू, वेळ, आजूबाजूचं झाड हे सगळं आपल्या बाजूनं साक्ष देत असतं. परदेशात हे साक्षीदार सोबत येत नाहीत. मग डोळ्याला पहिल्यापासून काम करावं लागतं: चोच केवढी, भुवई आहे का, पायाचा रंग कोणता, बसल्यावर शेपटीचं काय करतो. कंटाळवाणं वाटावं असं हे काम, पण त्यात फार आनंद आहे. मला तर लहानपणी मचाणावरून जग पाहत होते तो डोळा परत मिळाला असं वाटलं. तेव्हा मला नावं ठाऊक नव्हती आणि म्हणूनच मी नीट बघत होते.

आणि हे सगळं मनाशी घोळवत हॉटेलच्या अंगणात उभी असताना, हिरवळीवरून तुरुतुरु चालत पहिला पक्षी समोर आला तो कोण? साळुंकी. पिवळी चोच, पिवळे पाय, उडताना पंखावर पांढरा पट्टा. अल्माटीत साळुंक्या उदंड आहेत. माणसाच्या सावलीनं त्या तिथवर पसरल्या आणि बर्फाच्या पायथ्याशी नांदू लागल्या. मला परक्या गावात कुणीतरी गावचं माणूस भेटल्याचा आधार वाटला आणि मी सोबतच्या मंडळींना तसं बोलूनही दाखवलं.

पुढचे दिवस आम्ही अल्माटीच्या वायव्येला ताउकुमच्या वाळवंटी माळावर होतो. वसंतात इथं खसखशीची लाल फुलं येतात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा ती वाळून गेली होती आणि गवत भुऱ्या रंगावर आलं होतं. क्षितिजापर्यंत झाड नाही. वाऱ्यावर एक कडसर गोड वास सतत येत होता. खुरटं करडं झुडूप चुरून पाहिलं तर थेट चैत्रातला दवणा. नंतर कळलं, ते दवण्याच्याच कुळातलं, आर्टेमिसियाचंच आहे. कझाकस्तानचा सगळा माळ या एका कुळाच्या वासानं भरलेला असतो.

त्या माळावर जमिनीतून आपोआप उसळणाऱ्या पाण्याच्या जुन्या कूपनलिका आहेत. गुरांसाठी केलेलं ते पाणी सांडून डबकी होतात आणि सगळ्या वाळवंटाची पाखरं तिथं येतात. सकाळी आम्ही अशाच एका पाण्याजवळ गाडीतच बसून राहिलो. ऊन चढू लागलं आणि गुरगुरल्यागत आवाज करत काळ्या पोटाच्या पखुर्ड्या जोडीजोडीनं उतरल्या. पाण्यापासून अंतर राखून थांबल्या, माना उंचावून चारी बाजूंना बघितलं, आणि मग लगबगीनं कडेला आल्या. माद्या पाणी पिऊन उडाल्या. एक नर मात्र पाण्यात पोटापर्यंत शिरला आणि अंग हलवत हलवत बसून राहिला. पखुर्डीच्या नराच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. ती भिजवून तो कैक किलोमीटर उडत जातो आणि तहानलेली पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतलं पाणी चोखतात. आमच्या माळावरची पखुर्डीही हेच करते. तो नर उठला, जड झालेल्या अंगानं दोन पावलं चालला आणि उडाला. जिकडे गेला तिकडे दुर्बिणीतून काहीही दिसत नव्हतं. पण तिकडे कुठेतरी त्याची पिल्लं होती एवढं नक्की.

सक्सौल आणि झाऊच्या झुडपांत एक छोटा, मातकट वटवट्या गात होता. त्यात डोळ्यात भरावं असं काहीच नव्हतं. पण वाटाड्यानं नाव सांगितलं तेव्हा मी चमकले: साइक्सचा वटवट्या. कर्नल विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. 1824 पासून तो मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करत हिंडत होता. शेती, माणसं, हवा, पाऊस यांच्या जोडीनं त्यानं पक्षीही टिपले आणि 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. हा वटवट्या शास्त्रात दाखल झाला तो त्या यादीतून, आपल्या दख्खनच्या रानातून. हिवाळ्यात तो आमच्या बाभळींत असतो, पण तिथं फक्त 'चक्‌ चक्‌' एवढंच बोलतो. त्याचं गाणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. घाईघाईचं, न थांबणारं, एका दमात कितीतरी वळणं घेणारं गाणं. इतकी वर्षं मी त्याला अबोल समजत होते.

मग एकेक खुलासा होत गेला. लाल डोक्याचा भारीट आमच्याकडे ज्वारीच्या रानात मुकाट दाणे टिपतो. तिथं तो प्रत्येक झुडपाच्या शेंड्यावर बसून छाती फुगवून गात होता. भोवत्या आमच्या माळावर संध्याकाळी जमिनीलगत तरंगत येतो, गवतात उतरतो, झोपतो, सकाळी निघून जातो. तिथं मात्र भोवत्याचा करडा नर उंचावरून पंजात धरलेलं भक्ष्य सोडत होता आणि खालून झेपावलेली मादी पाठीवर उलटी होऊन ते हवेतच झेलत होती. घरट्यावर थेट उतरून ते उघडं पडू नये म्हणून ही तऱ्हा. भोवत्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून जे अभ्यास झाले, त्यांतून भारताच्या माळांवरून निघालेले पक्षी कझाकस्तानच्या माळांवर पोचल्याची नोंद झालेली आहे. ते वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर माहिती अंगात उतरली.

माझं मन मात्र भोरड्यांकडे लागलेलं होतं. सोबतच्या मंडळींना नवे, न पाहिलेले पक्षी हवे होते आणि ते त्यांना भरभरून मिळाले. मला लहानपणापासून पाहिलेला पक्षी हवा होता. जूनच्या पहिल्या दिवसांत आमच्या वाटाड्यानं, तिथल्याच पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणानं, एका खडकाळ टेकडीखाली गाडी उभी केली. दार उघडताच आवाज आला. मिरजगावच्या रस्त्यावरचा संध्याकाळचा तोच गलका, भर दुपारी, झाड नसलेल्या टेकडीवरून.

सगळा उतार फुटक्या दगडांचा होता आणि प्रत्येक फटीत घरटं होतं. नर-मादी दोघंही सारखी ये-जा करत होती. मी एका दगडावर नजर लावून बसले. एक भोरडी आली, चोचीत दोन हिरवे नाकतोडे, एकाची तंगडी बाहेर लोंबकळत होती. ती फटीच्या तोंडाशी थबकली, शेंडी उभारली, आत शिरली. आतून पिल्लांचा कर्कश कल्ला उठला आणि एका क्षणात थांबला. लगेच बाहेर आली ती पांढरी विष्ठा चोचीत धरून, घर साफ करत. तिचं जागेवरून उठणं होतं न होतं तोच दुसरा जोडीदार भरल्या चोचीनं हजर. आणि तो रंग! आमच्याकडे हिवाळ्यात भोरडी मळकट दिसते, कारण नव्या पिसांची टोकं मातकट असतात. वर्षभरात ती टोकं झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. म्हणजे हे लाजरं, कोवळं गुलाबी अंग झिजण्यातून आलेलं होतं. त्यातली काही झीज आमच्या ज्वारीच्या कणसांवर आणि पळसाच्या फांद्यांवर झालेली असणार.

तिथं बसल्या बसल्या मला कळलं की हे माहेर आहे. आमच्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला आईकडे जाते, तशी ही पाखरं वैशाखात इथं येतात, दगडांच्या आडोशाला पिल्लं वाढवतात आणि आषाढात परत फिरतात. माहेरपण ते केवढं! येणं-जाणं धरूनही चार-एक महिन्यांचं. बाकीचे आठ महिने नांदणं आमच्याकडे, हिंदुस्थानात. आजवर मी वर्गात मुलांना सांगत आले की भोरड्या हिवाळी पाहुण्या आहेत. वर्षातले आठ महिने ज्या घरात काढायचे तिथं पाहुणी कशी? ती तर घरची सून.

वाटाड्याला मी खुणा करून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्या गावी आम्ही यांना गोफणीनं हाकलतो. त्यानं गोफणीची खूण लगेच ओळखली. मग म्हणाला, इथं लोक यांची वाट बघतात. मध्य आशियात टोळांची धाड आली की गवत आणि पिकं दोन्ही जातात, आणि भोरडीची सगळी वीण त्या टोळांवर चालते. जिथं टोळ जास्त, तिथं ती वसाहत मांडते. शेजारच्या शिनजियांगमध्ये तर यांनी घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. एकाच पक्ष्यासाठी एका टोकाला गुंडा, दुसऱ्या टोकाला घर. दोन्ही ठिकाणची माणसं आपापलं पीकच वाचवत होती.

रात्री अण्णांना फोन लावला आणि दुपारी टिपून ठेवलेला आवाज ऐकवला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, ही तर आपलीच भोरडी. पर लई खूश हाय गं तिथं." पाठोपाठ विचारलं, "पाऊसपाणी हाय का तिकडं? पिल्लांना पुरंल का खायाला?" त्या पाखरांना हाकलण्यात ज्यांचा हात दुखत आला, त्यांना भोरडीच्या पिल्लांच्या पोटाची काळजी लागली होती. ज्वारी राखणाऱ्या माणसाच्या मनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहतात. मला ते ठाऊक होतं, पण शब्दांत कधी आलं नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी दूर माळावर एक मोठा, वाळूच्या रंगाचा पक्षी मान ताठ करून चालत जाताना दिसला. हौबारा, आपल्या माळढोकाचा भाऊबंद. मी दुर्बीण खाली घेतली, कारण काच ओली झाली होती. आमच्याकडे 1979 मध्ये माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य झालं, 8,496 चौरस किलोमीटरांचं. त्यात आमच्या कर्जतचाही भाग होता. पुढं ते 1,222 चौरस किलोमीटरांवर आलं. अण्णांच्या पिढीनं माळढोक चालताना पाहिला. मी त्याच माळावर वाढले आणि मला तो दिसला नाही. देशभरात आता ते दीडशेहूनही कमी उरलेत. माळढोक माहेरी जात नाही. त्याचं सगळं आयुष्य इथंच असतं. म्हणून इथला माळ गेला की त्याच्यापाशी दुसरं काहीच राहत नाही. भोरडीचा, भोवत्याचा निम्मा संसार तरी दुसऱ्या कुणीतरी सांभाळलेला आहे. पण निम्म्यानं भागत नाही. दगडांच्या फटीत मी ऐकलेलं पिल्लू भाद्रपदात आमच्या शिवारावर उतरेल आणि तिथं नांगरटीशिवाय काही नसेल, तर कझाकस्तानातल्या त्या टेकडीवर पुढच्या वैशाखात शांतता असेल. तिथल्या मेंढपाळाला कारणही कळणार नाही.

परत आल्यापासून मला गावचा माळ निराळा दिसतो. कुसळी आणि पवन्या गवत, तुरळक बोरी-बाभळी, धनगरांचे मेंढ्यांचे कळप, मुरमाड उतार. सरकारी कागदात ही जमीन पडीक, पोटखराब. कालव्याचं पाणी पोचलं तिथं ऊस चढला, बाकी ठिकाणी कुणाला खड्डे खणून झाडं लावायची असतात, कुणाला सौर पॅनेल मांडायचे असतात. हेतू वाईट नसतात. शेतकऱ्याला पाणी हवं, विजेची गरज आहे, हे मीही जाणते. पण गवताचा माळ रिकामा आहे असं समजून त्यावर काहीतरी भरायला जाणं हा अन्याय आहे. मिरजगावपासून जवळच रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, 1980 सालचं, अवघं 217 हेक्टरांचं. तेवढ्याशा गवतानं काळविटांना तगवलं, आणि चंडोल, धाविक, भोवत्या यांनाही जागा दिली. गवत राखलं तर काय होतं याचा दाखला आमच्या तालुक्यातच आहे.

म्हणून दोन गोष्टी मी मनावर घेतल्या आहेत. गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही असते. आमच्या गावच्या वहीत माळाच्या पानावर तिथं कोण चरतं, कोण अंडी घालतं, कोण कुठल्या देशातून येऊन किती महिने राहतं हे सगळं लिहून घ्यायचं, म्हणजे ग्रामसभेत माळाबद्दल ठराव येईल तेव्हा ते पान समोर ठेवता येईल. दुसरं माझ्या वर्गातलं. दरवर्षी पहिल्या भोरडीची तारीख मुलं फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. आता त्या तारखेपुढं आणखी एक नोंद करायची: थव्यात मातकट, शेंडी नसलेली पाखरं किती. ती त्या वर्षीची पिल्लं. मिरजगाव त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. आयुष्यातल्या पहिल्या परदेशी प्रवासाला निघून ती आमच्या माळावर येतात. त्यांच्या चोचीला इथं नाकतोडे मिळावेत, बसायला बाभूळ मिळावी, आणि ज्वारी राखणारं माणूस हाकारे घालतानाही त्यांच्याकडे डोळे भरून बघणारं असावं. एवढी सोय करणं आमच्या गावाला अवघड नाही, आणि ती केलीच पाहिजे.